हादऱ्याची गोळी

आमच्या घरात रक्तदाबाच्या गोळीला कुणी रक्तदाबाची गोळी म्हणत नसे. ती हादऱ्याची गोळी. हे नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं. भूकंपानंतर सुरू झाली म्हणून तसं म्हणत असतील, असं मी धरून चालले होते. ते नाव अगदी शब्दशः घ्यायचं आहे, हे कळायला मला कैक वर्षं लागली. आणि मी लातुरात बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होते, रेणूच्या पोटात काय चाललंय ते फळ्यावर काढून दाखवत होते.

सासूबाई कंधारच्या. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि त्या मला मास्तरीण म्हणायच्या, निम्मं कौतुकानं, निम्मं टोमण्यानं. बोलण्याची त्यांना भारी हौस. कंधारहून एसटीत बसल्या की लातूर येईपर्यंत शेजारणीचं माहेर, बाळंतपणं, जावेशी झालेलं भांडण, सगळं ऐकून घ्यायच्या आणि वर सल्ला देऊन उतरायच्या. मी त्यांच्या अगदी उलट. तोंडाळ नाही, पण तापट. वर्गात खडू फेकून मारण्यात कॉलेजात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात मी चिडले की आत्याबाई शांतपणे लसूण सोलत बसायच्या आणि माझं संपलं की विचारायच्या, "झालं का? मंग च्या टाकू?"

भूकंपात त्यांची धाकटी बहीण गेली. तेरणेच्या काठी तिचं गाव, दगडमातीच्या रुंद भिंतींचं घर. दोघींत दीडच वर्षाचं अंतर होतं. बातमी कळल्यावर आत्याबाई तिकडे गेल्या त्या तीन आठवडे आल्याच नाहीत. मदतीच्या छावणीत, पत्र्याच्या शेडखाली बायका भाकरी थापत होत्या, त्यांच्यात जाऊन बसल्या. रडायचं तेवढं तिथेच, पिठाच्या परातीपुढे रडून घेतलं असावं, कारण घरी परत आल्यावर मी त्यांना रडताना पाहिलं नाही.

तिथेच एक दिवस तव्याचा चटका बसला म्हणून त्या औषधाच्या रांगेत उभ्या राहिल्या. बाहेरगावाहून आलेली एक तरुण डॉक्टरीण मलम लावता लावता जो येईल त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघत होती. आत्याबाईंचं बघितलं, परत बघितलं, आणि त्यांना बाजूला बसवलं. मग साखरही तपासली. आत्याबाई घरी आल्या त्या बोटाला पट्टी, हातात कागद आणि दोन तऱ्हेच्या गोळ्या घेऊन. त्या डॉक्टरणीचं तोंड मी कधी पाहिलं नाही. पण इतक्या मोडलेल्या माणसांच्या गर्दीत, चटका बसलेल्या एका बाईचं बीपी तिनं मोजलं, याबद्दल मी आजही तिचे आभार मानते.

घरी आल्यावर आत्याबाईंनी दोन्ही दुखण्यांची वाटणी करून टाकली. "साखर माज्या आईकडची हाय. आईला हुती, मावशीला हुती. ती घरची, ती ऱ्हानार. बीपी भूकंपाचं हाय. धरतीमाय निजली की जाईल."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. पाण्याचा नळ, नळातला दाब, आतून झिजणारी रबरी नळी, साखर असली की मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांवर दुप्पट मार. फळा तेवढा नव्हता, बाकी सगळा तास घेतला. आत्याबाईंनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "लई छान शिकवतीस. पोरं पास होत असतील."

त्या दिवसांत जमीन अधूनमधून हलायची. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत लोकांनी भांडी एकावर एक उपडी रचून ठेवली होती, पडली की कळावं म्हणून. आत्याबाईंनी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर स्टीलचे तीन गिलास रचले. खाली मोठा, वर मधला, त्यावर छोटा, सगळे उपडे. इतर घरांतली भांडी हळूहळू वापरात गेली. आमचे गिलास वर्षानुवर्षं तिथेच राहिले. मला वाटलं, बहिणीच्या आठवणीनं ठेवले असतील. पुसताना मी त्यांना धक्का लागू देत नसे.

पुढे लातूरचं नशीबच पालटलं. बारावीच्या निकालांत आमच्या पोरांची नावं झळकायला लागली आणि नांदेड, परभणी, पार बीदरपासूनचे आईबाप मुलांच्या गाद्या एसटीच्या टपावर बांधून आमच्याकडे यायला लागले. गल्लीत जिथे बाभळी होत्या तिथे वसतिगृहं उभी राहिली. ज्यांच्या घराला मागे एक खोली होती त्यांनी वर चार चढवल्या. मी सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास अशी पळत होते. लातुरात पाण्याची काय तऱ्हा असते ते सांगायला नको. प्रत्येक नव्या इमारतीला आधी बोअर लागायचा. बोअरची गाडी आली की दिवसदिवसभर अशी धडधड चालायची की ताटातली आमटी हलायची.

त्या काळात आत्याबाईंचं बीपी फार छान होतं. आमचे डॉक्टर म्हणजे चौकातले एक वयस्क गृहस्थ, मोजकं बोलणारे. दर दोन महिन्यांनी पट्टा गुंडाळायचे आणि म्हणायचे, "उत्तम. सूनबाईंचं लक्ष दिसतंय." मी फुगून जायची. स्टाफरूममध्ये ज्यांच्या घरी बीपीचं माणूस होतं त्या सगळ्यांना मी तेव्हा फुकटचे सल्ले दिलेले आहेत. त्यांची आज माफी मागते.

मग गल्लीत जागाच उरली नाही. शेवटचं वसतिगृह झालं, त्याची वास्तुशांत झाली, बोअरची गाडी दुसऱ्या भागात गेली. आणि आत्याबाईंचं बीपी चढायला लागलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, नंतर दुसरी जोडली. तरी चढतच राहिलं. मी लोणच्यावर संशय घेतला. बरणी उचलून माळ्यावर टाकली, पापड बंद केले, ठेच्यातलं मीठ निम्मं केलं. आत्याबाईंनी आळणी ठेचा निमूट खाल्ला. एवढंच म्हणाल्या, "मिरची कागद खाल्ल्यावानी लागून राहिली."

दिवाळीच्या आवराआवरीत फळीवरचा एक जुना चहाचा डबा उघडला, तर आत गोळ्यांच्या पट्ट्या. साखरेच्या गोळीची एकही नव्हती, सगळ्या बीपीच्या, दोन्ही प्रकारच्या. बहुतेकींची एकही गोळी काढलेली नव्हती. मी डबा त्यांच्यापुढे आदळला.

आत्याबाई जराही गडबडल्या नाहीत. "जमीन हालली न्हाई तर हादऱ्याची गोळी कशाला घिऊ?"

"म्हणजे? बोअर चालायचे तेव्हा?"

"तवा घेत हुते की. गिलास पडायचा. जमीन हालली का न्हाई? हालली. कशानं का हालंना."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या यशावर मिरवले ते बोअरवाल्याचं होतं. मी खूप बोलले. मूर्खपणा, अडाणीपणा, जे तोंडाला येईल ते. सगळं ओसरल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रोज घ्यायची म्हंजी रोज भूकंप झाला म्हनायचा का, मास्तरीण?" मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आता यांना गोळी कशी घ्यायला लावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. मी फळीपाशी गेले आणि वरचा गिलास बोटानं ढकलला. खणखण आवाज झाला. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. आत्याबाई अनवाणीच आत आल्या, चौकटीला हात लावून क्षणभर थांबल्या, गिलास उचलून परत रचला, डब्यातून दोन गोळ्या काढल्या आणि पाण्याबरोबर घेतल्या.

मग हा माझा रोजचा उद्योग झाला. पहाटे क्लासला निघायच्या आधी एक गिलास पाडायचा. डॉक्टरांकडे आकडा खाली आला. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. स्वतःला शिकलेली म्हणवणारी बायको रोज सकाळी भांडी पाडते, हे सांगायची लाज वाटली. आत्याबाई गिलास पडल्यावर तासभर गप्प असायच्या, हे मला दिसत होतं. बोलणारी बाई गप्प झाली की घर लगेच ओळखतं. पण आकडा चांगला येत होता, आणि मी आकड्यावर खूष होते.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षांसाठी बाहेरची परीक्षक म्हणून मला नांदेडकडची कॉलेजं आली. दहा दिवस, मुक्काम नांदेडला नणंदेकडे, तिथून रोज भोकर नाहीतर धर्माबाद. निघताना मनात आलं होतं, नवऱ्याला सांगावं. मग म्हटलं, दहा दिवसांनी काय होतंय.

नवव्या दिवशी धर्माबादच्या प्रयोगशाळेत होते. एक मुलगी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होती, रंग बदलायची वाट बघत होती. शिपाई सांगायला आला, लातूरहून फोन आहे. नवरा म्हणाला, "आईचं तोंड वाकडं झालंय. बोलता येईना. दवाखान्यात आहोत."

धर्माबाद ते नांदेड, नांदेड ते लातूर, दोन गाड्या बदलून मी पोचले. त्या सगळ्या वाटेत मी हिशेब मांडत होते की नऊ दिवस फळीवरचे गिलास जागचे हलले नसतील.

आत्याबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांचा डावा गाल हलला, उजवा नाही. "हे... हे..." एवढंच येत होतं. पाणी हवं होतं तर पेल्याकडे बोट केलं आणि "पान, पान" म्हणाल्या, आणि चुकलं हे त्यांना कळलं, म्हणून डोळे मिटून घेतले. कंधार ते लातूर बोलत येणारी बाई. मी तिथे उभी राहून रडले, सगळ्यांसमोर.

चौकातले आमचे डॉक्टर दवाखान्यात येऊन बघून गेले, म्हणाले, झटका लहान आहे, शब्द बरेचसे परत येतील. पण दुसरा आला तर शब्द येणार नाहीत, माणूसही राहील याची खात्री नाही. आता एकही दिवस चुकायला नको.

मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गिलास, बोअर, डबा, माझं पाडणं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही रसायनशास्त्र शिकवता ना?" एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तोवर मला माझंही कळून चुकलं होतं. गोळीसाठी म्हणून मी रोज सकाळी त्या बाईच्या घरात भूकंप आणत होते. रोज तिची बहीण नव्यानं दगडाखाली जात होती, आणि मी चुलीकडे तोंड करून उभी राहत होते.

महिनाभरानं शब्द बरेच सुधारले. आत्याबाई अडखळत का होईना वाक्य जुळवायला लागल्या. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि मला गप्प राहायला सांगितलं.

"आजी, भूकंपाच्या आधी कुणी तुमचं बीपी मोजलं होतं का?"

आत्याबाईंनी मान हलवली. नाही.

"मग ते आधीपासूनच असणार. साखर ज्यांना असते त्यांच्यात बहुतेकांना बीपी असतंच. दोघं एकाच घरात राहतात. भूकंपानं तुम्हाला ते दिलं नाही. छावणीत पहिल्यांदा कुणी मोजलं, म्हणून सापडलं."

आत्याबाई एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "म्हंजी... बहिनीचं... न्हाई ते?"

"नाही. तुमचंच आहे."

त्या रडल्या. भूकंपानंतर माझ्यादेखत पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मला वाटलं, आता बीपी चढेल. डॉक्टरांनी मला हातानंच थांबवलं. रडून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मला... रांगेत... बहिनीनंच हुबं केलं मंग."

इतकी वर्षं नळ, पाइप आणि दाब शिकवून मला जे जमलं नाही, ते त्या माणसानं एका प्रश्नात केलं. मग त्यांनी कागद ओढून औषध बदललं. दोन वेगळ्या बीपीच्या गोळ्या बंद, त्या जागी एकच, जिच्यात दोन औषधं एकत्र आहेत. साखर असलेल्या माणसाचं बीपी एका औषधानं सहसा आवरत नाही, दोन वेगवेगळ्या बाजूंनी थोडं थोडं धरावं लागतं, आणि यातलं एक मूत्रपिंडालाही सांभाळतं, असं त्यांनी मला सांगितलं. आत्याबाईंना सांगितलं ते एवढंच, "ही साखर असणाऱ्या माणसाच्या बीपीची गोळी. जोवर साखर आहे, तोवर ही."

"म्हंजी घरची," आत्याबाई म्हणाल्या.

"घरचीच."

चौकातल्या मेडिकलवाल्या चाचांनी पट्टी हातात देताना विचारलं, "अम्मा, पहिले तो दोन घेत होते, आता एकच?" मी सांगितलं, एकीतच दोन आहेत. चाचा हसले. त्यांना स्वतःला साखर आणि बीपी दोन्ही, गल्ल्यातून काढून तीच पट्टी दाखवली. "मी बी हेच खातो अम्मा. जोडगोळी हाय. तुमच्या आन् सूनबाईसारखी, सोडून राहत न्हाई." आत्याबाई तिरक्या तोंडानं इतक्या हसल्या की मला दुकानाच्या पायरीवर त्यांना धरावं लागलं.

घरी येऊन त्यांनी तिन्ही गिलास स्वतः फळीवरून उतरवले, घासले आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवसापासून साखरेच्या गोळीशेजारी जोडगोळी. सकाळची भाकरी झाली की दोन्ही तळहातावर, एक घोट पाणी, आणि लगेच मला काहीतरी बोलणं. शब्द हळूहळू सगळे आले. कोथिंबीर हा एक मात्र कधी आला नाही, शेवटपर्यंत तिला "हिरवं" म्हणत राहिल्या. भाजीवाल्यांनाही सवय झाली. रक्त-लघवीचे रिपोर्ट आले की मूत्रपिंडाच्या ओळीवर डॉक्टर बरोबरची खूण करायचे. नजरही शाबूत राहिली, सुईत दोरा त्या स्वतः ओवायच्या. मी फार देवभोळी नाही, पण त्या एवढ्याशा गोळीसमोर कितीदा तरी माझे हात आपसूक जुळलेत. कुणीतरी कुठेतरी बसून दोन औषधं एका गोळीत बसवली, आणि आमच्या घरातलं बोलणं आम्हाला परत मिळालं.

पुढच्या फेब्रुवारीत परत परीक्षकाचं पत्र आलं. परत नांदेड, दहा दिवस. मी नकार लिहायला बसले. आत्याबाई समोर ओसरीत लसूण सोलत होत्या.

"काय लिहून राहिलीस?"

"जात नाही म्हणून कळवतेय."

"का?"

मग मला ते आणखी पोटात ठेवता येईना. कागद बाजूला केला आणि सांगून टाकलं. आत्याबाई, तो गिलास मी पाडायची. रोज सकाळी, तुम्ही तुळशीपाशी असताना. भूकंप नव्हता, काही नव्हतं, मीच होते.

त्यांनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "मला म्हाईत हुतं."

"कसं?" मी विचारलं.

"गिलास पडायचा, पन जमीन हालायची न्हाई. अनवानी पायाला कळतं की गं. मी काय येडी हाय?"

"मग गोळी कशाला घेत होता?"

"तू पहाटंपासनं त्या फळीपाशी टपून ऱ्हायची. क्लासला उशीर व्हायचा तुला. म्हटलं, एवडं करून राहिली पोरगी, घ्यावी. आवाज आला की बहीन आठवायची. आठवू दे म्हटलं."

मी विचारलं, "आणि मी नांदेडला होते तेव्हा?"

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की हिला एवढंही कसं कळत नाही.

"तवा कोन पाडनार हुतं?"

त्या उठल्या, बाजूला ठेवलेला नकाराचा कागद उचलला, घडी करून लसणाची सालं त्यात गोळा केली.

"आता मी माजी घेते," त्या म्हणाल्या. "तुज्यासाटी न्हाई, माज्यासाटी घेते. तू जा. पोरांची परीक्षा हाय."

मी गेले.